नांगराच्या कारखान्यातून निघालेली मासिके

पोशाख, आहार, घराची मांडणी, विवाह आणि कुटुंबातील नाती यांत विसाव्या शतकात कसे बदल झाले, हे सांगणारा विशेषांक आज एखाद्या स्वतंत्र मासिकाने काढायचे ठरविले, तर त्याला ज्या जुन्या अंकांकडे वळावे लागेल त्यांत किर्लोस्कर मासिकांचे स्थान पहिल्या रांगेत आहे. ही मासिके मुंबई-पुण्यात जन्मली नाहीत. सांगली जिल्ह्यातील कडेगावच्या दक्षिणेला, आजच्या पलूस तालुक्यात असलेल्या किर्लोस्करवाडीत, नांगर आणि चरक तयार करणाऱ्या कारखान्याच्या आश्रयाने ती उभी राहिली.

त्या काळी हा सारा मुलूख एका अंमलाखाली नव्हता. कडेगाव ब्रिटिशांच्या सातारा जिल्ह्यात होते, तर किर्लोस्करवाडीजवळच्या कुंडलचा परिसर औंध संस्थानात, म्हणजे ब्रिटिशांचे सार्वभौमत्व मान्य करून अंतर्गत कारभार स्वतः पाहणाऱ्या राज्यात मोडत होता. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी दिलेल्या, कुंडल रोड स्थानकाजवळच्या ओसाड माळावर लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी 1910 साली कारखाना आणि त्याभोवतीची वसाहत वसविली. लोखंडी नांगरामुळे जमिनीत विष भिनते, असा समज शेतकऱ्यांत असल्याने सुरुवातीला हे नांगर खपेनात. चांगले यंत्र घडविणे पुरेसे नसून ते वापरणाऱ्याचे मन वळविणेही तितकेच आवश्यक आहे, हा धडा या उद्योगाने फार लवकर घेतला होता, आणि पुढील मासिकांचे बीज त्या धड्यातच शोधावे लागते.

लक्ष्मणरावांचे पुतणे शंकर वासुदेव किर्लोस्कर, म्हणजेच शंवाकि, हे चित्रकलेचे शिक्षण घेतलेले गृहस्थ कारखान्याच्या जाहिरातींचे काम पाहत असत. त्यांनी 1920 साली ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केले. कारखान्याची माहिती देणारे गृहपत्र, म्हणजे एखाद्या संस्थेने आपली माणसे आणि आपले ग्राहक यांच्यासाठी काढलेले नियतकालिक, असे त्याचे आरंभीचे रूप होते. परंतु उद्योग, आरोग्य, समाजसुधारणा आणि कथा यांना त्यात जागा मिळत गेली तसतसे ते सर्वसाधारण वाचकांचे मासिक बनले आणि पुढे ‘किर्लोस्कर’ एवढ्याच नावाने ओळखले जाऊ लागले. विज्ञाननिष्ठेचा आग्रह धरणारे आणि धर्मरूढींवर प्रहार करणारे वि. दा. सावरकरांचे निबंध 1930च्या दशकात त्यातूनच वाचकांपुढे आले. शंवाकि स्वतः व्यंगचित्रे काढीत, त्यामुळे मासिकाचे दर्शनी रूप हा येथे मजकुरावर चढविलेला साज राहिला नाही. तो संपादनाचाच भाग झाला.

1930 साली आलेले ‘स्त्री’ हे या मासिकांपैकी सर्वांत महत्त्वाचे मानावे लागते. स्वयंपाक, शिवणकाम आणि बालसंगोपन हे विषय त्यात होतेच, मात्र त्यांच्या शेजारीच स्त्रीचे शिक्षण, तिचे अर्थार्जन, विवाहातील तिची संमती आणि कायद्यातील तिचे स्थान यांचीही चर्चा होत असे. म्हणजे घर कसे चालवावे या प्रश्नाला ते घर कोणाच्या मर्जीने चालते, हा दुसरा प्रश्न कायमचा जोडला गेला. जीवनशैली हा शब्द पुष्कळदा केवळ उपभोगाशी जोडला जातो. ‘स्त्री’ने त्या विषयाला दिलेली ही खोली आजच्या संपादकांनी आवर्जून अभ्यासावी, अशी आहे. तरुण वाचकांसाठीचे ‘मनोहर’ 1934 साली निघाले.

या अंकांच्या आधारे इतिहास लिहिताना मात्र त्यांची मर्यादा ध्यानात ठेवली पाहिजे. त्यांचा वाचक मुख्यतः शिकलेल्या मध्यमवर्गातील होता. कडेगावच्या कोरडवाहू शिवारात, म्हणजे केवळ पावसावर अवलंबून असलेल्या शेतात, राबणाऱ्या बाईचे जगणे, किंवा मोहरमच्या वेळी हिंदू आणि मुसलमान मिळून जे उंच ताबूत उभारतात त्यांमागील बांबूकामाचे कौशल्य, यांचा शोध घेण्यासाठी मासिकांची पाने अपुरी ठरतात आणि गावातल्या जाणत्या माणसांकडेच जावे लागते.

मासिकांचे काम कालांतराने पुण्यात गेले. 1980च्या दशकात ‘स्त्री’चे संपादन करणाऱ्या विद्या बाळ यांनी 1989 साली ‘मिळून साऱ्याजणी’ हे मासिक सुरू केले, आणि त्याला कोणत्याही कारखान्याचे पाठबळ नव्हते.