जकातीचा हुकूम आणि कपाशीचे बी

धरणगावाहून एरंडोलकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या जिनिंगच्या आवारात मार्गशीर्षातल्या सकाळी पाऊल टाकले की प्रथम दिसते ती वजनकाट्यापाशी लागलेली वाहनांची रांग. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, टेम्पो, क्वचित एखादी बैलगाडी आणि प्रत्येकीवर साड्यांनी अथवा जुन्या चादरींनी झाकलेला, वाटेत उडू नये म्हणून दोरीने आवळलेला कापूस. खरेदीदार ढिगात कोपरापर्यंत हात खुपसतो. वरचा कापूस उन्हाने वाळलेला असतो, पण आतला खरा, म्हणून आतली मूठ बाहेर काढून तो ती दाबतो, हुंगतो, आणि मग ओलावा मोजण्याचे यंत्र तिच्यात खुपसतो. सरकारी खरेदीत आठ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण भाव, त्यापुढे कपात आणि बारा टक्क्यांच्या वर कापूस परत, हा दंडक सगळ्यांना पाठ असतो. पारोळ्याकडचा एक वृद्ध शेतकरी काट्यावरून उतरता उतरता "आज काय भाव शे, भाऊ?" असे विचारतो, तेव्हा त्या प्रश्नात केवळ आजची चौकशी नसते, तर ज्येष्ठातल्या पेरणीपासून आजवर ओतलेल्या कष्टाचा हिशेब असतो.

आत यंत्रांची गडगड इतकी की बोलणे हातवाऱ्यांनीच चालते. चामड्याच्या चकत्यांचे दोन रूळ फिरत असतात, कापसाचे तंतू त्यांना चिकटून आत ओढले जातात, रुळाला टेकलेली स्थिर पाती सरकीला अडवते आणि हलती पाती तिला ठोसे देऊन खाली पाडते. एका बाजूने रुई आणि दुसऱ्या बाजूने सरकी, असा तो क्षणोक्षणी होत राहणारा विभाग तासन्‌तास पाहिला तरी कंटाळा येत नाही. एक क्विंटल कापसामागे सुमारे चौतीस-पस्तीस किलो रुई निघते. उरलेल्यातला बहुतेक भाग सरकीचा, जी पुढे तेलाच्या घाण्याकडे आणि ढेपेच्या रूपाने गुरांच्या गव्हाणीकडे जाते. नाकातोंडाला फडके बांधलेल्या बाया ढिगातून कवडी, पाने आणि काडीकचरा वेचून काढतात. हवेत तरंगणारी कापसाची धूळ त्यांच्या केसांवर, पापण्यांवर आणि, नको तेथे, छातीतही जाऊन बसते. शेवटी प्रेसमध्ये रुई दाबून 170 किलोची गाठ बांधली जाते. भाव मात्र आजही खंडीचाच बोलला जातो; खंडी म्हणजे 356 किलो, जुन्या मुंबई बाजाराचे 784 पौंड. मोजमापे बदलली, राज्ये बदलली, पण ही खंडी टिकून राहिली.

या सगळ्या खटाटोपात ज्या कृतीने मला सर्वाधिक काळ खिळवून ठेवले ती मात्र निःशब्द होती. पारख करणारा मनुष्य रुईचा लहानसा झुबका घेतो, दोन्ही हातांच्या अंगठ्यांत व तर्जनींत धरून तो पुनःपुन्हा ओढतो, एकावर एक ठेवतो, तंतू समांतर करतो आणि काळ्या कापडावर त्यांची झालर मांडून म्हणतो, "एकोणतीस." एकोणतीस मिलिमीटर. प्रयोगशाळेतले यंत्र तासाभराने बहुधा तेच सांगते. धाग्याची ही लांबी म्हणजे कापसाचे कुळ. लांब धाग्याचे बारीक सूत निघते, आखूड धाग्याचे जाडेभरडे, आणि सरकारचा हमीभावही तिच्याच आधारे ठरतो. 2025-26 च्या हंगामात मध्यम धाग्याला क्विंटलला 7,710 रुपये, लांब धाग्याला 8,110. बोटांच्या पेरांतली ही लांबी येथे कशी आली, याचा शोध घेऊ लागले म्हणजे गाठ पडते ती एका फाटलेल्या बाजारपेठेशी.

कारण खानदेशचा कापूस पूर्वी असा नव्हता. स्वातंत्र्याच्या आगेमागे या मुलखात प्रसिद्ध होती ती 'जरीला' जात, जिच्यावर मुंबईच्या कापूस बाजारातले वायद्याचे सौदे बेतलेले असत. तिचा धागा प्रमाण मानला जाई तो एका इंचाच्या बत्तीस भागांपैकी पंचवीस भागांचा, म्हणजे सुमारे वीस मिलिमीटर. मुंबई-अहमदाबादच्या गिरण्यांना बारीक सुतासाठी लागणारा अमेरिकी जातीचा लांब कापूस सिंध आणि पश्चिम पंजाबच्या कालव्यांखालच्या जमिनीतून येत असे, आणि लायलपूरची गाठ मुंबईला येताना मध्ये जकातीचा नाका नव्हता. पुढे ज्याला व्यापारसंघ म्हणू लागले त्याहूनही घट्ट अशी ती एक बाजारपेठ होती: एकच चलन, एकच जकात, एकच रेल्वे.

1947 च्या ऑगस्टात सरहद्द पडली, तरी व्यापार तेवढ्याने तुटला नाही. दोन्ही सरकारांनी जकातीपुरती पूर्वस्थिती 1948 च्या फेब्रुवारीअखेर चालू ठेवण्याचे ठरविले होते. 1 मार्च 1948 पासून मात्र जकातीच्या दृष्टीने पाकिस्तान हा परमुलूख झाला. दीड वर्षाने, 1949 च्या सप्टेंबरात, ब्रिटनपाठोपाठ भारताने रुपयाचे 30.5 टक्क्यांनी अवमूल्यन केले आणि पाकिस्तानने तसे करण्याचे नाकारले, तेव्हा कालपर्यंत समान असलेल्या दोन रुपयांत एवढी तफावत पडली की त्यांच्या 100 रुपयांच्या मालाला आपले 144 रुपये मोजण्याची वेळ आली. भारताने तो दर मान्य केला नाही, व्यापार जवळपास ठप्प झाला, आणि 1951 च्या फेब्रुवारीत नवा दर स्वीकारून करार होईपर्यंत तो सुरळीत झाला नाही.

या फुटीतली विषमता लक्षात घेण्याजोगी आहे. अविभक्त हिंदुस्थानातल्या सुमारे चारशे कापडगिरण्यांपैकी पाकिस्तानच्या वाट्याला अवघ्या 14 आल्या, पण लांब धाग्याच्या कापसाचा फार मोठा भाग त्याच्याकडे गेला. चाती येथे राहिली आणि तिला लागणारा तंतू तिकडे. पाकिस्तानने आपला कापूस जपान आणि हाँगकाँगकडे वळविला व जकातीच्या तटबंदीच्या आड स्वतःच्या गिरण्या उभ्या केल्या. आपण मिसर, सुदान आणि पूर्व आफ्रिकेचा कापूस परकीय चलन मोजून आणला, आणि पहिल्या पंचवार्षिक योजनेत कापसाचे उत्पादन सुमारे तीस लाख गाठींवरून बेचाळीस लाखांवर नेण्याचा संकल्प केला. एकाच्या जागी दोन स्वयंपूर्ण व्यवस्था उभ्या राहिल्या, हे खरे. पण सोयीने जे शेजारून मिळत होते ते दोघांनीही दामदुपटीने व दूरवरून मिळविले, हेही तितकेच खरे.

आणि येथेच मला या विषयाचे मर्म दिसते. जकातीचा हुकूम एका रात्रीत अंमलात येतो. कपाशीचे बी एका रात्रीत तयार होत नाही. एक नवा वाण निवडून, स्थिर करून शेतकऱ्याच्या घरी पोचवायला दहा-बारा वर्षे सहज लागतात. जरीलानंतर खानदेशात 'विरनार' आला. 1970 मध्ये सुरतेच्या संशोधन केंद्रातून डॉ. सी. टी. पटेल यांनी व्यापारी लागवडीचा पहिला संकरित वाण दिला. 2002 मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली. आणि अशा रीतीने पाऊण शतकाच्या प्रवासानंतर वीस मिलिमीटरचा तो धागा आज पारख्याच्या बोटांत एकोणतीस मिलिमीटर भरतो. ही प्रगती केवळ फाळणीमुळे झाली असे कोणी म्हणणार नाही. पण लांब धाग्याची जी तातडी देशाला वाटली, तिच्या मुळाशी 1948-49 मध्ये तुटलेली ती आवक निःसंशय होती.

दक्षिण आशियाई मुक्त व्यापार करार 1 जानेवारी 2006 रोजी अंमलात आला, तेव्हा जुनी वाट पुन्हा मोकळी होईल असे वाटले, आणि काही वर्षे पाकिस्तानच्या गिरण्या भारतीय कापूस घेतही होत्या. म्हणजे जेथून एकेकाळी लांब धागा येत असे तेथेच आता आपला धागा जाऊ लागला होता. 2019 च्या फेब्रुवारीत पुलवामाच्या हल्ल्यानंतर भारताने त्यांच्या मालावर 200 टक्के जकात बसविली, ऑगस्टात पाकिस्तानने व्यापारच थांबविला. 31 मार्च 2021 रोजी त्यांच्या अर्थविषयक समितीने भारतीय कापूस आणि साखर घेण्यास संमती दिली, आणि दुसऱ्याच दिवशी मंत्रिमंडळाने ती फिरविली. एका दिवसाचे आयुष्य लाभलेल्या त्या निर्णयाने जिनिंगवाल्यांच्या मनात किती हिशेब मांडले आणि पुसले असतील!

जकातीचा प्रश्न एकाच बाजूने पाहणे मात्र अन्यायाचे होईल. धुळे-शिरपूरच्या पट्ट्यातल्या सूतगिरणीत जाऊन बसले म्हणजे दुसरी बाजू तितक्याच कळकळीने ऐकू येते: 2021 मध्ये आयात कापसावर एकूण 11 टक्के जकात बसली, रुई महाग, सुताला परदेशी सुताशी झुंजायचे आहे, आणि चात्या थांबल्या तर त्याच शेतकऱ्यांच्या मुलांची नोकरी जाते. तिकडे पारोळ्याच्या शेतकऱ्याला जकात उठणे म्हणजे भाव पडणे. दोघेही खानदेशचेच, दोघांचेही म्हणणे खरे, आणि दोघांच्या मध्ये तोच धागा.

म्हणून माझा आग्रह कोणत्या व्यापारसंघात राहावे वा कोणत्यातून निघावे, एवढ्यापुरता नाही. देशाच्या सुरक्षेचे व स्वाभिमानाचे प्रसंग असे असतात की व्यापार थांबवावाच लागतो. आग्रह आहे तो वेळेचा. 2025 मध्ये ही 11 टक्के जकात 19 ऑगस्टपासून सप्टेंबरअखेरपर्यंत उठविली गेली, आणि लगेच ती मुदत डिसेंबरअखेरपर्यंत वाढविण्यात आली. त्या ऑगस्टात खानदेशातली कपाशी पाते-फुलांवर आलेली होती. बी, खत, फवारणी यांवरचा खर्च होऊन चुकला होता, आणि पीक बदलण्याची संधी महिन्या-दोन महिन्यांपूर्वीच संपली होती. हाच निर्णय वैशाखात कळला असता तर कोणी मका पेरला असता, कोणी सोयाबीन, आणि ज्याने कपाशीच लावली त्याने ती जाणूनबुजून लावली असती. सूतगिरणीलाही वर्षभराची खरेदी आखायला तेवढाच अवधी हवा असतो. आयात-निर्यातीचे धोरण पेरणीपूर्वी जाहीर व्हावे आणि निदान एका हंगामापुरते तरी अढळ राहावे. ते अपरिहार्य कारणाने मध्येच बदलावे लागले, तर हमीभावाची खरेदी त्याच दिवसापासून प्रत्येक तालुक्यात खुली असावी. शेतकऱ्याचा निर्णय जमिनीत एकदा पुरला की तो मागे घेता येत नाही; ज्यांचे निर्णय कागदावर असतात, त्यांनी एवढी जाणीव ठेवणे हे उपकार नव्हेत, कर्तव्य आहे.