केसाएवढं अंतर

हिवाळ्यातल्या सकाळी नेरूळच्या डीपीएस तलावाकाठी उभं राहून चष्मा काढा. समोर नुसता गुलाबी धूर. चष्मा परत चढवा, की त्या धुरातून एकेक फ्लेमिंगो वेगळा होतो: बारीक पाय, चिखलात बुडवलेली वाकडी चोच. या दोन दृश्यांमधलं अंतर किती? उणे चार नंबरवाल्यासाठी साधारण पन्नास-साठ मायक्रॉन. म्हणजे डोक्यावरच्या एका केसाची जाडी!

हा केस कुठे आडवा येतो? बुबुळावरच्या पारदर्शक काचेत, कॉर्नियात. जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर, आत रक्तवाहिनी नाही, प्राणवायू घ्यायचा तो थेट हवेतून. तरी डोळ्यात शिरणारा प्रकाश वळवण्याचं दोन-तृतीयांश काम हीच काच करते. नंबर उणे असेल तर प्रकाश डोळ्यातल्या पडद्याच्या अलीकडेच एकवटतो. मग उपाय काय? काचेचा फुगवटा मधोमध जरासा उतरवायचा. बस्स.

पण उतरवायचा कशानं? पूर्वी सुताराच्या रंध्यासारखं थरथरतं पातं डोळ्यावरून सरकवत, कॉर्नियाचा वरचा पापुद्रा झाकणासारखा उचलत आणि आतला भाग लेझरनं घासत. आता वाशी-सानपाड्यापासून पनवेलपर्यंत पाट्यांवर ‘ब्लेडलेस’ लिहिलेलं दिसतं. या शब्दानं एक गैरसमज होतो, की आता काही कापतच नाहीत. कापतात हो! फक्त उजेडानं कापतात.

इथे खरं कोडं सुरू होतं. कॉर्निया पारदर्शक आहे. जे उजेडाला अडवतच नाही, ते उजेडानं चिरायचं कसं?

लहानपणी भिंगानं कागद जाळला असेल ना? तिथे आपण ऊन जागेत गोळा करतो. फेम्टोसेकंद लेझर प्रकाश वेळेतही गोळा करतो. एक फेम्टोसेकंद ताणून सेकंदाएवढा केला, तर खरा सेकंद तीन कोटी वर्षांचा होईल! या लेझरचा एक ठोका असे काहीशे फेम्टोसेकंद टिकतो. सेकंदाला तीन लाख किलोमीटर धावणारा प्रकाश तेवढ्यात फार तर एक-दोन केसांची जाडी ओलांडतो.

सगळी ऊर्जा इतक्या चिमूटभर वेळात कोंबली, की जिथे किरण एकवटतात त्या ठिपक्यापुरते अणूंमधले इलेक्ट्रॉन उखडतात आणि सूक्ष्म बुडबुडा उमटतो. त्याच्या वरचा थर? जसाच्या तसा. किरण त्यातून गेला, पण थराला पत्ताही लागला नाही. आंब्याची साल न फोडता आतला गर कापावा, तसं. असे लाखो बुडबुडे शेजारी शेजारी मांडले, की पोस्टाच्या तिकिटांमधल्या भोकांसारखी रेघ तयार होते.

इतके छोटे आणि तरीही ताकदवान ठोके देण्याची युक्ती जेरार मुरू आणि डोना स्ट्रिकलंड यांनी 1985 मध्ये शोधली. नोबेल मिळालं 2018 मध्ये. दरम्यान मिशिगन विद्यापीठात 1990च्या दशकात एका विद्यार्थ्याच्या डोळ्यात चुकून असा किरण गेला. तपासणाऱ्या तरुण डॉक्टर रॉन कर्ट्झ यांना पडद्यावरची जखम विलक्षण नेटकी दिसली. इजा पाहून काळजी वाटावी, इथवर ठीक. पण त्यात अवजार दिसायला नजर लागते.

कॉर्निया घासणाऱ्या आधीच्या लेझरची कथा तर थेट जेवणाच्या ताटातली. मद्रासमध्ये जन्मलेले रंगस्वामी श्रीनिवासन आयबीएमच्या प्रयोगशाळेत होते. नोव्हेंबर 1981 मध्ये, थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी, ते जेवणातली उरलेली टर्की घेऊन आले आणि तिच्यावर एक्सायमर लेझर सोडला. आजूबाजूला न करपवता किरणानं स्वच्छ खाच पाडली. हा लेझर रेणूंचे बंधच तोडतो. झाकण उचलून करायच्या या पद्धतीत, म्हणजे लॅसिकमध्ये, फुगवटा आजही तोच उतरवतो. जळक्या केसांसारखा वास येतो, पण जळत काहीच नाही.

ही शस्त्रक्रिया सगळ्यांसाठी नाही. कॉर्निया पातळ असेल किंवा नंबर अजून बदलत असेल, तर डॉक्टर नको म्हणतात. काहींचे डोळे नंतर बरेच दिवस कोरडे राहतात. चाळिशी तर कुणालाच चुकत नाही, कारण ती आतल्या भिंगाच्या कडक होण्यानं लागते.

काही ठिकाणी ‘स्माइल’ नावाची पद्धतही आहे. तिच्यात झाकणही नाही आणि एक्सायमरही नाही. थेंब टाकून डोळा बधिर करतात. समोर हिरवा दिवा लुकलुकतो. फेम्टोसेकंद लेझरचं यंत्र डोळ्याला हलकेच चिकटतं आणि दिवा पुसट होत जातो. अर्ध्या मिनिटात कॉर्नियाच्या पोटात दोन वक्र रेघा आखून होतात, एक खाली, एक वर. मधे अडकते भिंगाच्या आकाराची चकती. कडेला दोन ते चार मिलिमीटरची फट असते. यापुढचं काम यंत्राचं नाही. डॉक्टर त्या फटीतून बारीक अवजार घालून चकती हळूहळू सुटी करतात आणि चिमट्यानं ओढून घेतात. मग ती डोळ्यावरच पसरून बघतात, एखादा तुकडा आत तर राहिला नाही ना. कांद्याच्या पातळ पापुद्र्यासारखी ती ओली, आरपार चकती म्हणजेच मघाचा उणे चार नंबर.