सीमावर्ती खेड्यांचे पर्यटन आणि विस्थापितांचा प्रश्न : नेलांग खोरे

हिमालयातील सीमावर्ती खेड्यांचे पर्यटन म्हणजे निसर्गदर्शन व लोकसंस्कृतीचा परिचय, असे सामान्यतः मानले जाते. परंतु खेड्यात लोकच उरले नसतील तर संस्कृतीचा परिचय कोणी करून द्यावा, हा प्रश्न उत्तरकाशी जिल्ह्यातील नेलांग खोऱ्याच्या संदर्भात उपस्थित होतो.

भैरोंघाटीजवळ भागीरथीस मिळणाऱ्या जाडगंगेच्या या खोऱ्यात नेलांग व जादुंग ही जाड भोटिया समाजाची गावे होती. हा समाज उन्हाळ्यात वरच्या गावांत, तर हिवाळ्यात खाली डुंडा परिसरात राहत असे. मेंढपालन, लोकरीचे विणकाम आणि तिबेटशी चालणारा व्यापार हे त्याच्या उपजीविकेचे आधार होते. खालून धान्य वर जाई, तिबेटातून मीठ व लोकर येई. उभ्या कड्याला बिलगून गेलेला गरतांग गलीचा लाकडी मार्ग ही याच व्यापाराची खूण होय. १९६२ च्या चीन युद्धात दोन्ही गावे रिकामी करण्यात आली. व्यापार थांबला आणि कुटुंबे हर्षिलजवळील बगोरी येथे स्थिरावली.

२०१५ मध्ये खोरे पर्यटकांसाठी खुले झाले, तेही परवान्यावर आणि केवळ दिवसापुरते. गरतांग गलीची दुरुस्ती होऊन ती २०२१ मध्ये खुली झाली. पर्जन्यछायेतील उघडे डोंगर, भरल आणि हिमबिबट्याचा अधिवास यांचे आकर्षण मोठे आहे, यात शंका नाही. तथापि पर्यटक परतले, रहिवासी मात्र ग्रामदैवतांच्या वार्षिक पूजेपुरतेच येत राहिले. हा क्रम उलटा आहे.

२०२३ मध्ये केंद्र शासनाने मंजूर केलेल्या ४,८०० कोटी रुपयांच्या 'व्हायब्रंट व्हिलेजेस' कार्यक्रमाचा एक हेतू सीमाभागातील स्थलांतर रोखणे हा आहे. पहिल्या टप्प्यासाठी ६६२ गावे निवडण्यात आली. जादुंगमधील पडक्या घरांच्या जागी होमस्टे उभारण्याची योजनाही पुढे आली. होमस्टे म्हणजे नुसती खोली नव्हे. तेथे राहते कुटुंब गृहीत असते. जाड कुटुंबाचे जीवन मेंढ्यांभोवती गुंफलेले असल्याने घराइतकाच कुरणाचा विचार आवश्यक ठरतो, आणि येथे तो अवघड आहे, कारण हा प्रदेश १९८९ मध्ये स्थापन झालेल्या गंगोत्री राष्ट्रीय उद्यानाच्या क्षेत्रात येतो.

तूर्त जाड संस्कृती पाहू इच्छिणाऱ्या अभ्यासकास नेलांगऐवजी बगोरीतच थांबावे लागते. तेथे लाकडी घरांच्या ओळी, बौद्ध मंदिर आणि स्थानिक देवतेचे देऊळ एकाच वस्तीत आढळतात. हिवाळा आला की तेही गाव बव्हंशी रिकामे होते. कुटुंबे डुंड्याला उतरतात.