धरणी हलते तेव्हा घरं काय करतात

१ नोव्हेंबर १७५५ च्या सकाळी लिस्बन शहर भूकंपानं कोसळलं. संतांचा सण असल्यामुळे चर्चं माणसांनी भरलेली होती. भूकंपामागून समुद्राच्या लाटा शहरात शिरल्या आणि त्यांच्यामागून आग. पोर्तुगालचा कारभार तेव्हा ज्याच्या हाती होता, त्या पुढे मार्क्विस ऑफ पोंबाल या किताबानं ओळखल्या गेलेल्या मंत्र्यानं नवं शहर उभारण्याचं काम लष्करी अभियंत्यांकडे सोपवलं. त्यांचा प्रमुख मानुएल द माया सत्तरी ओलांडलेला होता. या मंडळींनी लाकडाचा एक पिंजरा तयार केला: उभे वासे, आडवे वासे आणि प्रत्येक चौकटीत फुली मारावी तसे दोन तिरके वासे. मग त्याचा नमुना उभारून त्याच्याभोवती सैनिकांना पाय आपटत चालवलं आणि तो हादरे कसे सोसतो ते पाहिलं, असं सांगितलं जातं. भूकंप डोळ्यांसमोर ठेवून अख्खं शहर आखण्याचा युरोपातला हा अगदी सुरुवातीचा प्रयत्न. चौकटी दगड-विटांच्या तुकड्यांनी भरल्या, वरून गिलावा केला. लिस्बनच्या बायशा भागातल्या जुन्या इमारतींच्या भिंतींत हे लाकडी पिंजरे आजही आहेत. रस्त्यावरून जाणाऱ्याला त्यांचा पत्ताही लागत नाही.

आता काश्मीर. श्रीनगरमध्ये झेलमच्या काठानं जुनी घरं पाहत गेलं, की अनेकांच्या वरच्या मजल्यांवर हीच रचना उघड दिसते. लाकडाच्या चौकटी, त्यांत तिरके तुकडे आणि उरलेल्या जागेत चिखलात बसवलेले दगड किंवा विटांचे तुकडे. भिंत जेमतेम एका विटेच्या जाडीची. तुकड्यातुकड्यांनी जोडलेल्या गोधडीसारखी दिसणारी ही भिंत ‘धज्जी देवारी’ म्हणून ओळखली जाते. तिथल्या सुतारांना लिस्बनच्या पिंजऱ्याची खबर असण्याचं कारण नाही आणि मानुएल द मायानं काश्मीर पाहिलेलं नव्हतं. हजारो मैलांवरची माणसं, वेगळा धर्म, वेगळी हत्यारं, आणि उत्तर जवळपास एकच! मला यातलं आश्चर्य कितीही वेळा विचार केला तरी कमी होत नाही.

हे उत्तर चालतं कसं, ते समजून घेण्यासारखं आहे. भूकंप घराला वरून दाबत नाही, तो पायाखालची जमीन आडवी ओढतो. घर जितकं जड, तितका त्याच्यावर येणारा जोर जास्त. म्हणून पहिला फायदा हलकेपणाचा. दुसरा फायदा अधिक सुंदर आहे. सलग दगडी भिंतीला एकदा तडा गेला, की तो या टोकापासून त्या टोकापर्यंत धावत सुटतो. धज्जीत तो पुढच्या लाकडापाशी थांबतो. आतले दगड आपापल्या खणात हलतात, चिखलावर घासतात, लाकडाचे सांधे कुरकुरतात आणि भूकंपानं घरात ओतलेली ऊर्जा या शेकडो लहान घर्षणांत खर्च होऊन जाते. भिंतीचा चिखल झडतो, गिलावा गळून पडतो, पण छत डोक्यावर येत नाही. इथे चिखल कच्चा असणं कामाला येतं. त्या जागी कडक सिमेंट भरलं तर दगडांना हलायला वावच उरणार नाही. पेशावरच्या अभियांत्रिकी विद्यापीठात पूर्ण आकाराच्या धज्जी भिंती यंत्रानं मागेपुढे ढकलून पाहिल्या, तेव्हा त्या भरपूर वाकल्या, पण कोसळल्या नाहीत. ८ ऑक्टोबर २००५ च्या भूकंपानंतर पाकिस्तानच्या ताब्यातल्या काश्मीरमध्ये सरकारनं या पद्धतीला मान्यता दिली आणि डोंगरातल्या लोकांनी हजारो घरं पुन्हा अशीच बांधली.

तुर्कस्तानातही लाकडी चौकटीत विटा किंवा मातीच्या लाद्या भरलेली घरं आहेत, त्यांना ‘हिमिश’ म्हणतात. १७ ऑगस्ट १९९९ च्या पहाटे इझमितच्या परिसरात भूकंप झाला आणि गोल्जुक गावात काँक्रीटच्या कितीतरी बहुमजली इमारती जमीनदोस्त झाल्या. त्यांच्या ढिगाऱ्यांच्या आसपास जुनी, दुर्लक्षित हिमिश घरं उभी होती. ज्यांना लोकांनी मागासलेपणाची खूण मानून सोडून दिलं होतं, त्या घरांची पाहणी करायला त्यानंतर अभ्यासक येऊ लागले.

पेरूच्या लिमा शहरात १७४६ च्या भूकंपानंतर वरचे मजले ‘किंचा’चे, म्हणजे लाकडी चौकटीत वेत-बांबू विणून वर माती लिंपलेले, बांधले जाऊ लागले. आपल्या कोकणात कारवीच्या काठ्या बांधून शेण-मातीनं सारवलेला कूड ज्यांनी पाहिला आहे, त्यांना ही भिंत लगेच ओळखू येईल. लिमाच्या कॅथीड्रलच्या दगडी वाटणाऱ्या कमानीसुद्धा आतून लाकूड आणि वेताच्याच आहेत.

म्हणजे लाकूड वापरलं की झालं का? तसं नाही, आणि ते जपाननं फार मोठी किंमत देऊन शिकवलं. नाराजवळचा होर्यू-जी मंदिराचा पाच मजली पॅगोडा तेराशे वर्षांच्या आसपास उभा आहे. त्याच्या मधोमध खालपासून वरपर्यंत एक मोठा खांब जातो, शिनबाशिरा. खोडाच्या वाढीच्या वलयांवरून ते झाड इसवी सन ५९४ मध्ये तोडलं गेलं असं कळलं. हा खांब मजल्यांना जखडलेला नाही. प्रत्येक मजला खालच्या मजल्यावर नुसता बसवलेला आहे, त्यामुळे हादऱ्यात मजले वेगवेगळ्या दिशांना डोलतात. मधल्या खांबाचं यात नेमकं काम काय, यावर अभियंत्यांमध्ये अजूनही मतभेद आहेत. तरी २०१२ मध्ये खुल्या झालेल्या ६३४ मीटर उंचीच्या टोकियो स्कायट्रीमध्ये त्यांनी पोलादी सांगाड्यापासून सुटा राहणारा काँक्रीटचा मधला खांब घातला, तो याच पॅगोड्यांकडे पाहून.

पण त्याच देशात १७ जानेवारी १९९५ च्या पहाटे कोबे हादरलं आणि सहा हजारांवर माणसं गेली, त्यांतली बहुतेक जुन्या लाकडी घरांखाली सापडून. त्या घरांवर मातीच्या थरात बसवलेली जड कवलं होती. ती तिथे का होती? दरवर्षी येणाऱ्या वादळांत छप्पर उडू नये म्हणून. वादळासाठी शोधलेलं उत्तर भूकंपात जिवावर उठलं.

आपली किल्लारीची कथा हीच आहे. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे तीन छप्पन. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, विसर्जन आटोपून लोक उशिरा झोपलेले. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतली गावं काही सेकंदांत दगडांचे ढीग झाली आणि सुमारे दहा हजार माणसं गेली. ती घरं अडाणीपणानं बांधलेली होती असं म्हणणं मला फार अन्यायाचं वाटतं. दोन-तीन फूट जाडीच्या दगडी भिंती आणि वर लाकडी तुळयांवर पांढऱ्या मातीचा जाड थर दिलेलं माळवद: मराठवाड्याच्या उन्हाळ्यात या घरासारखा गारवा दुसरं घर देत नाही. पिढ्यान् पिढ्या गवंड्यांनी उन्हाला दिलेलं ते चोख उत्तर होतं. भूकंपाचा प्रश्न त्यांना कुणी विचारलाच नव्हता. तेव्हाच्या देशाच्या भूकंपनकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होता. तो तिसऱ्या विभागात गेला २००२ साली.

घात झाला तो भिंतीच्या पोटात. जाड दिसणारी ती भिंत खरं तर दोन भिंती होत्या, आतला पदर आणि बाहेरचा पदर, मधे दगडमातीची भर. दोन्ही पदरांना बांधून ठेवणारे आरपार दगड नव्हते. जमीन हलताच पदर सुटे झाले आणि माळवदाचं ओझं खाली आलं. जिथे घर खणाचं होतं, म्हणजे लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा धड होता, तिथे भिंती ढासळूनही छत उभं राहिल्याचं पाहणीत आढळलं. लाकडाचा पिंजरा इथेही होता, पण तो छत पेलायला ठेवलेला होता, भिंतीला धरून ठेवायला नव्हे. भूकंपानंतर दुरुस्तीसाठी जे उपाय सांगितले गेले ते ऐकायला किती साधे आहेत: माळवदावरची माती कमी करा, भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार दगड किंवा काँक्रीटचे तुकडे बसवा आणि दारं-खिडक्यांच्या वर सगळ्या घराला वेढणारा एक अखंड पट्टा बांधा. काश्मीर आणि तुर्कस्तानच्या भिंतींत आडवं लाकूड जे काम करतं, तेच काम हा पट्टा करतो.

आज आपण बहुतेकजण काँक्रीटच्या घरात राहतो आणि या सगळ्याशी आपला संबंध संपला असं वाटू शकतं. पण गोल्जुकच्या इमारती काँक्रीटच्याच होत्या. २६ जानेवारी २००१ ला भुजच्या भूकंपात दूरच्या अहमदाबादेत कोसळल्या त्याही, आणि त्यांतल्या अनेकींच्या तळमजल्यावर भिंती नव्हत्या, नुसत्या खांबांवर पार्किंग होतं. कच्छमधली ‘भुंगा’ म्हणून ओळखली जाणारी मातीची गोल घरं मात्र बरीचशी तरली. काँक्रीटचा पिंजरा चिवट होतो तो सळयांना वेढणाऱ्या रिंगांमुळे. रिंगेची टोकं काटकोनात वळवली तर हादऱ्यात ती उघडतात, सळई बाहेर फुगते आणि खांब फुटतो. १३५ अंशांत वळवून खांबाच्या पोटात घातली तर ती धरून ठेवतात. भारतीय मानकाची अटही तीच आहे. तुमचं घर बांधलं जात असेल, तर स्लॅबच्या दिवशी पेढे वाटण्याआधी, खांबांना फळ्या लागण्यापूर्वी एकदा साइटवर जा आणि फिटरनं वळवलेली ती टोकं स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. काटकोनात दिसली तर काम थांबवायला सांगा.