व्यावसायिकांची समाजमाध्यमांवरील जाहिरात

व्यावसायिकांची समाजमाध्यमांवरील जाहिरात म्हणजे वकील, डॉक्टर, सनदी लेखापाल, वास्तुविशारद यांसारख्या नोंदणीकृत व्यावसायिकांनी, तसेच परवान्यावर किंवा नोंदणीवर चालणाऱ्या सेवा देणाऱ्यांनी, आपल्या सेवेच्या प्रसिद्धीसाठी फेसबुक, इन्स्टाग्राम, यूट्यूब, लिंक्डइन, व्हॉट्सअ‍ॅप आदी माध्यमांचा केलेला वापर होय. अशी प्रसिद्धी करावी की नाही, हा भारतात केवळ आवडीनिवडीचा प्रश्न नाही. अनेक पेशांना जाहिरातीची कायद्यानेच मनाई आहे, काहींना मर्यादित मुभा आहे, तर काहींना जाहिरात करता येते, पण तिच्यात ठरावीक माहिती देणे बंधनकारक आहे. या लेखात महाराष्ट्रातील स्थितीचा आणि विशेषतः पुणे जिल्ह्यातील भोर व वेल्हे या डोंगराळ तालुक्यांच्या संदर्भात या नियमांचा विचार केला आहे. (वेल्हे तालुक्याचे नाव ‘राजगड’ करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये घेतला, व्यवहारात दोन्ही नावे प्रचलित आहेत.)

== संज्ञा ==

मराठीत ‘व्यवसाय’ हा शब्द सैलपणे वापरला जातो. किराणा दुकान हाही व्यवसाय आणि वैद्यकी हाही व्यवसाय. कायद्याच्या दृष्टीने मात्र ‘पेशा’ आणि ‘धंदा’ यांत भेद आहे. पेशात प्रवेशासाठी विहित शिक्षण आणि परिषदेकडील नोंदणी लागते, आचारसंहिता पाळावी लागते आणि ती मोडल्यास सनद किंवा नोंदणी निलंबित होऊ शकते. धंद्यात ग्राहकाला वस्तू पाहून, हाताळून, तोलून घेता येते. पेशात अशिलाला किंवा रुग्णाला सेवेची प्रत सहसा आधी कळत नाही, पुष्कळदा नंतरही कळत नाही. जाहिरातबंदीचे जुने समर्थन या अज्ञानावरच उभे आहे.

== इतिहास ==

=== पोस्टकार्डाचा खटला ===

मुंबई इलाख्यात हा प्रश्न समाजमाध्यमांच्या कितीतरी आधी उपस्थित झाला होता. ‘गव्हर्न्मेंट प्लीडर विरुद्ध एस., अ प्लीडर’ या १९२९ सालच्या प्रकरणात एका वकिलाने आपले नाव, पत्ता आणि व्यवसायाचे वर्णन असलेली पोस्टकार्डे पाठविली होती. त्यांत स्वतःची स्तुती किंवा शुल्काचे आमिष नव्हते. तरीही मुंबई उच्च न्यायालयाने हे कृत्य अनुचित जाहिरात ठरविले. आज एखाद्या वकिलाने गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर आपले नाव, पत्ता आणि ‘दिवाणी व महसुली कामे केली जातील’ असा मजकूर टाकला, तर तो त्या पोस्टकार्डाहून फारसा वेगळा नसतो. वेगळेपण एवढेच की पोस्टकार्डाला टपालखर्च होता आणि ते एका वेळी एकाच घरी जात असे.

=== दाभोळकर प्रकरण ===

‘बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र विरुद्ध एम. व्ही. दाभोळकर’ हे दुसरे महत्त्वाचे प्रकरणही महाराष्ट्रातीलच आहे. मुंबईतील एस्प्लनेड येथील फौजदारी न्यायालयाच्या दाराशी काही वकील येणाऱ्या पक्षकारांना गाठून, प्रसंगी आपसांत ओढाताण करून आणि शुल्क उतरवून कामे मिळवीत असल्याची तक्रार होती. राज्य वकील परिषदेने त्यांना दोषी ठरविले, परंतु भारतीय वकील परिषदेने अपिलात त्यांची सुटका केली. सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये भारतीय परिषदेने लावलेला नियमाचा अर्थ चुकीचा ठरविला. वकिली हा व्यापार नाही आणि पक्षकारांची कामे ही बाजारातील माल नव्हेत, अशी भूमिका न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी निकालपत्रात मांडली. पुढे देशभर जाहिरातबंदीच्या बाजूने जे युक्तिवाद झाले, त्यांत या निकालाचा आधार वारंवार घेतला गेला.

=== जाहिरात आणि अभिव्यक्तिस्वातंत्र्य ===

याउलट दिशेचा निकालही मुंबईतूनच गेलेल्या वादात लागला. टाटा प्रेसच्या पिवळ्या पानांच्या निर्देशिकेवरून झालेल्या ‘टाटा प्रेस विरुद्ध महानगर टेलिफोन निगम’ या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये व्यापारी जाहिरात हीदेखील संविधानाच्या अनुच्छेद १९ (१) (क) खालील अभिव्यक्तीचा भाग असल्याचे मान्य केले. ग्राहकाला माहिती मिळण्याचा हक्कही त्यात अंतर्भूत मानला गेला. अमेरिकेत १९७७ च्या ‘बेट्स’ निकालाने वकिलांवरील सरसकट जाहिरातबंदी उठली होती, आणि इंग्लंडमध्ये १९८४ पासून सॉलिसिटरांना जाहिरातीची मुभा मिळाली. ज्या इंग्रजी परंपरेतून भारताने ही बंदी घेतली, तिने ती सोडून चार दशके झाली, हे बंदीविरोधक आवर्जून दाखवून देतात.

== पेशानिहाय नियम ==

=== वकील ===

भारतीय वकील परिषदेच्या नियमावलीतील नियम ३६ नुसार परिपत्रके, जाहिराती, दलाल, वैयक्तिक संदेश किंवा आपण चालवीत असलेल्या खटल्यांसंबंधी वृत्तपत्रांत छायाचित्रे व मजकूर छापवून आणणे, यांपैकी कोणत्याही मार्गाने प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे काम मिळविण्यास मनाई आहे. पाटीचा आकार वाजवी असावा, तिच्यावर विशिष्ट प्रकारच्या कामातील नैपुण्याचा किंवा वकील संघातील पदाचा उल्लेख नसावा, इथपर्यंत हा नियम तपशिलात जातो. २००८ मध्ये त्याला एक परंतुक जोडले गेले. त्यानुसार वकिलाला संकेतस्थळावर नाव, पत्ता, दूरध्वनी, नोंदणी क्रमांक, शैक्षणिक पात्रता आणि कामाचे क्षेत्र एवढी माहिती देता येते.

मद्रास उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये वकिलांची सेवा वस्तूप्रमाणे मांडणाऱ्या ऑनलाइन निर्देशिकांविरुद्ध कारवाईचे निर्देश दिले. मार्च २०२५ मध्ये भारतीय वकील परिषदेने समाजमाध्यमांवरील प्रचार, प्रभावक आणि चित्रपट कलाकारांच्या साहाय्याने होणारी प्रसिद्धी यांविरुद्ध निवेदन काढले. नियमभंगाची तक्रार महाराष्ट्रात महाराष्ट्र व गोवा वकील परिषदेकडे करता येते. वकील अधिनियम, १९६१ च्या कलम ३५ खाली ताकिदीपासून नाव कमी करण्यापर्यंतची शिक्षा होऊ शकते.

कायद्याची सर्वसाधारण माहिती देणे मात्र निषिद्ध नाही. सातबारा कसा वाचावा, फेरफारावर हरकत किती दिवसांत घ्यावी, वारसनोंद कशी करावी, हे सांगणारी ध्वनिचित्रफीत लोकोपयोगी असते. चित्रफितीच्या शेवटी ‘आपल्या प्रकरणासाठी संपर्क करा’ असे म्हणून क्रमांक झळकविला की तिचा हेतू बदलतो. नियमांची खरी अडचण या शेवटच्या काही सेकंदांत आहे, कारण ज्ञानदान आणि काम मागणे यांमधली रेषा नियम ३६ च्या मजकुरात कोठेही आखलेली नाही.

=== डॉक्टर ===

आधुनिक वैद्यकाच्या डॉक्टरांना भारतीय वैद्यक परिषदेचे २००२ चे आचारविनियम लागू आहेत. व्यवसाय सुरू करणे, पत्ता बदलणे, काही काळ रजेवर जाणे, पुन्हा रुजू होणे, अशा ठरावीक प्रसंगीच औपचारिक निवेदन प्रसिद्ध करता येते. रुग्णालय किंवा प्रसूतिगृह यांच्या जाहिरातीत संस्थेचे नाव, घेतले जाणारे रुग्ण, सुविधा आणि शुल्क याहून अधिक काही असू नये, असे हे विनियम सांगतात. ओळख पटेल अशा रीतीने रुग्णाचे छायाचित्र त्याच्या परवानगीवाचून प्रसिद्ध करणे हे गैरवर्तन आहे.

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २ ऑगस्ट २०२३ रोजी नवे विनियम अधिसूचित केले. त्यांत समाजमाध्यमांसाठी स्वतंत्र मार्गदर्शन होते. पैसे देऊन ‘लाइक’ वा अनुयायी मिळवू नयेत, शोधयंत्रात वरचे स्थान विकत घेऊ नये, बऱ्या झालेल्या रुग्णांची प्रशस्तिपत्रे, शस्त्रक्रियेच्या चित्रफिती किंवा तपासणीच्या प्रतिमा टाकू नयेत, असे त्यात म्हटले होते. जेनेरिक औषधांसंबंधीच्या तरतुदींसह अनेक मुद्द्यांवर डॉक्टरांच्या संघटनांनी विरोध केल्यावर त्याच महिन्यात हे विनियम स्थगित झाले आणि २००२ चे विनियम पुन्हा लागू झाले. त्यामुळे समाजमाध्यमांचे नावही ज्यात नाही, अशा नियमावलीच्या आधारे इन्स्टाग्रामवरील रीलची योग्यता ठरविण्याची वेळ वैद्यक परिषदांवर येते. औषधे व जादूटोण्याचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ हा मात्र पेशा कोणताही असो, सर्वांना लागू आहे. अनुसूचीतील मधुमेह, कर्करोग आदी रोगांवर हमखास गुण देण्याच्या जाहिराती त्याने गुन्हा ठरतात.

=== इतर पेशे ===

सनदी लेखापालांना १९४९ च्या अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीने काम मागण्यास व जाहिरातीस मनाई केली आहे. संकेतस्थळाबाबत त्यांच्या संस्थेचे सूत्र सुटसुटीत आहे : ज्याला माहिती हवी त्याने ती शोधत यावे, व्यावसायिकाने ती कोणावर ढकलू नये. समाजमाध्यमांना हीच कसोटी लावली, तर स्वतःचे पान ठेवणे चालते, परंतु अनोळखी लोकांना संदेश पाठविणे किंवा पैसे देऊन पान त्यांच्यासमोर आणणे बसत नाही. सर्व पेशांच्या नियमांत ही कसोटी सर्वांत उपयोगी म्हणावी लागेल. वास्तुविशारदांवर १९८९ च्या विनियमांनी साधारण असेच बंधन घातले आहे.

== भोर-वेल्हे परिसर ==

२०११ च्या जनगणनेनुसार वेल्हे तालुक्याची लोकसंख्या सुमारे ५४ हजार होती. पुणे जिल्ह्यातील हा सर्वांत विरळ वस्तीचा तालुका होय. तालुक्यात नगरपरिषद नाही; शेजारच्या, पूर्वीच्या संस्थानी भोरमध्ये ती आहे. तोरणा आणि राजगड हे किल्ले, पानशेत, वरसगाव व गुंजवणी ही धरणे आणि खोऱ्यांमध्ये विखुरलेल्या वाड्या-वस्त्या, असे येथील स्वरूप आहे. अशा ठिकाणी डॉक्टरची किंवा वकिलाची कीर्ती तोंडी पसरते. येणाऱ्या माणसाला व्यावसायिकाचे घर, आडनाव आणि बहुधा नातेगोतेही ठाऊक असते.

या ओळखीमुळे जाहिरातीची गरज कमी होते, परंतु तिचा धोका वाढतो. शहरात रुग्णाच्या डोळ्यांवर काळी पट्टी ओढली की त्याची ओळख लपते, असे मानले जाते. पन्नास उंबऱ्यांच्या वाडीत हाताचे गोंदण, लुगड्याचा काठ किंवा मागे दिसणारी ओसरी एवढ्यावरूनही माणूस ओळखू येतो. नाव न सांगता मांडलेली ‘सर्पदंशातून वाचलेल्या शेतकरी महिलेची’ हकिकतही गावापुरती नावासकट असते. त्वचारोग, क्षयरोग, गर्भपात किंवा मानसिक आजार यांच्या बाबतीत अशा प्रसिद्धीची किंमत रुग्णाला सोयरीक मोडण्यापर्यंत मोजावी लागू शकते. अशा वेळी डॉक्टरने घेतलेली संमतीही कितपत मोकळी असते, हा प्रश्न उरतोच. दवाखाना एकच असेल तर रुग्ण सहसा नाही म्हणत नाही.

दुसरी बाजूही खरी आहे. आडवळणाच्या गावातील रुग्णाला कोणता दवाखाना कोणत्या वारी उघडा असतो, सर्पदंशावरील लस कोठे मिळते, सोनोग्राफी कोठे होते, हे आधी कळले तर एक हेलपाटा वाचतो, काही वेळा जीवही वाचतो. अशी माहिती देणे म्हणजे आत्मस्तुती नव्हे. २००२ च्या विनियमांच्या मर्यादेतही तिला पुरेशी जागा आहे.

=== जमीन व्यवहार ===

या परिसरात समाजमाध्यमांवरील जाहिरातीचा सर्वाधिक पैसा जमिनीच्या व्यवहारांत गुंतलेला असतो. किल्ल्याचे दृश्य, धरणाचे पाणी आणि पुण्यापासूनचे अंतर मिनिटांत सांगणारे शेतघराच्या भूखंडांचे रील सर्वत्र दिसतात. येथे जाहिरातीला बंदी नाही, मात्र अटी आहेत. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या क्षेत्रावरील भूखंड प्रकल्पाची जाहिरात महारेराकडील नोंदणीवाचून करता येत नाही, आणि प्रकल्पाची दलाली करणाऱ्यालाही नोंदणी घ्यावी लागते. १ ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीत नोंदणी क्रमांकाबरोबर क्यूआर कोड देणे बंधनकारक झाले असून समाजमाध्यमांवरील जाहिरातीही त्यातून सुटलेल्या नाहीत. भंग झाल्यास ५० हजार रुपयांपर्यंत दंड आहे.

जे रीलमध्ये सांगितले जात नाही, ते अधिक महत्त्वाचे असते. महाराष्ट्रात शेतजमीन घेणारा, काही अपवाद वगळता, स्वतः शेतकरी असावा लागतो. १९४८ च्या कुळकायद्याच्या कलम ६३ मध्ये ही अट आहे. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यानुसार प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा लहान तुकड्यांच्या हस्तांतरावर निर्बंध आहेत. त्यांत सरकारने वेळोवेळी सवलती दिल्या असल्या, तरी ‘दोन गुंठे, सातबारा नावावर’ असे आश्वासन तपासल्याशिवाय मानण्याजोगे नाही. वनक्षेत्र, धरणासाठी संपादित जमीन, पुनर्वसनाची जमीन, भावकीतील न झालेली वाटणी आणि रस्त्याचा हक्क या बाबी फेरफार उतारे व गटाचा नकाशा पाहिल्यावरच कळतात. फसलेल्या खरेदीदाराची तक्रार निदान नोंदली तरी जाते. ज्या शेतकऱ्याच्या सामाईक गटातून असा तुकडा परस्पर विकला जातो, त्याला पुढे स्वतःच्या बांधासाठी वर्षानुवर्षे तहसील कार्यालयाच्या पायऱ्या चढाव्या लागतात.

=== पर्यटन ===

पर्यटन हा सनदी पेशा नव्हे, तरी वेल्ह्यात समाजमाध्यमांचा सर्वांत उघड लाभ त्यालाच झालेला आहे. घरगुती निवास, चुलीवरचे जेवण, वाटाडे आणि तंबू यांची प्रसिद्धी स्थानिक कुटुंबे भ्रमणध्वनीवरून स्वतः करू शकतात. मधला दलाल टळला तर मिळकत गावात राहते. राज्याचे कृषी पर्यटन धोरण (२०२०) व साहसी पर्यटन धोरण (२०२१) यांनुसार नोंदणीची सोय आहे. साहसी उपक्रमांसाठी ही नोंदणी आणि सुरक्षेचे निकष बंधनकारक आहेत. ज्या वाटाड्याची नोंदणी, प्रथमोपचार प्रशिक्षण आणि गटाची कमाल संख्या जाहिरातीत दिलेली असते, त्याची जाहिरात केवळ धबधब्याच्या दृश्यापेक्षा ग्राहकाला जास्त सांगते.

गर्दी ओढण्याची जबाबदारी मात्र जाहिरातदार सहसा पत्करीत नाहीत. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याजवळ भुशी धरणाच्या मागील धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेल्यानंतर पुणे जिल्ह्यातील अनेक पावसाळी स्थळांवर निर्बंध आले. राजगड हा जुलै २०२५ पासून ‘भारतातील मराठा लष्करी भूदृश्ये’ या युनेस्को जागतिक वारसा स्थळाचा घटक आहे. त्यामुळे त्याच्या नावावर चालणाऱ्या सहलींची प्रसिद्धी आणखी वाढणे स्वाभाविक आहे. गडाच्या अरुंद वाटा आणि माचीवरील पाण्याची टाकी मात्र तेवढीच आहेत.

== सर्वांना लागू असलेले नियम ==

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ खाली स्थापन झालेले केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींवर कारवाई करते. त्यासंबंधीची मार्गदर्शक तत्त्वे जून २०२२ मध्ये आली. पैसे, भेटवस्तू किंवा फुकट मुक्काम घेऊन शिफारस करणाऱ्याने तो संबंध स्पष्ट व ठळकपणे सांगितला पाहिजे, ही अपेक्षा जानेवारी २०२३ च्या सूचनांत पुन्हा मांडली गेली. फुकट जेवून ‘पुण्याजवळचे सर्वोत्तम शेतघर’ म्हणणारा स्थानिक रीलकारही त्यातून वगळलेला नाही.

ग्राहकांनी स्वतःहून लिहिलेल्या अभिप्रायांवर व्यावसायिकाचे नियंत्रण नसते आणि त्यांसाठी त्याला सहसा जबाबदार धरले जात नाही. तेच अभिप्राय निवडून स्वतःच्या पानावर छापले, किंवा रुग्णांना व अशिलांना ते लिहिण्यास सांगितले, तर ती अप्रत्यक्ष जाहिरात ठरू शकते. प्रतिकूल अभिप्रायाला उत्तर देताना रुग्णाच्या आजाराचा किंवा पक्षकाराच्या प्रकरणाचा तपशील उघड करणे हा त्याहून गंभीर दोष आहे. गोपनीयतेचे बंधन ग्राहकाने टीका केली म्हणून सुटत नाही.