कारखाना गेला, बाजार उरला

अमेरिकेच्या मिशिगन राज्यात हॅमट्रॅमक हे जेमतेम दोन चौरस मैलांचे शहर आहे. १९१० साली येथे साडेतीन हजार लोक राहत. डॉज बंधूंचा मोटार कारखाना आला, पोलंडचे मजूर आले आणि १९३० पर्यंत वस्ती ५६ हजारांवर गेली. बेकरीवाला, खाटीक, कापडवाला, सर्वांचा गल्ला कारखान्याच्या पगारावर भरे. १९८० मध्ये कारखाना बंद पडला. दुकानदाराने माल कितीही चांगला ठेवला, तरी गिऱ्हाईकच गाव सोडून गेल्यावर तो काय करणार?

रिकाम्या घरांचे भाव पडले, आणि हीच पडझड नव्या लोकांच्या पथ्यावर पडली. येमेनी, बोस्नियन आले. न्यूयॉर्कच्या भाड्याने बेजार झालेले बांगलादेशीही आले. कॉनंट रस्त्यावर हलाल मटण, मासळी, मिठाई, साड्या यांची दुकाने लागली. २०१० ते २०२० या दहा वर्षांत लोकसंख्या २२,४२३ वरून २८,४३३ झाली. २०२१ मध्ये निवडून आलेले महापौर आणि संपूर्ण नगरपरिषद मुस्लिम होती.

बाजार भरला, पण नगरपालिकेची तिजोरी भरली असे मात्र नाही. दुकानांतला विक्रीकर राज्य सरकार घेते. शहराला मुख्यतः मालमत्ता व उत्पन्न करावर भागवावे लागते. स्वस्त घरांवर कर तो किती येणार? २००० आणि २०१३ अशा दोन वेळा राज्याने शहराच्या हिशेबावर आपला प्रशासक बसवला.