"वैनी, काडी लावू का?"

दर वर्षी माघ-फाल्गुनाच्या सुमाराला आमच्याकडे केदारखेड्याहून एक फोन येतो. जालन्याहून भोकरदनकडे जाताना राजूरचा गणपती मागे पडला, की पूर्णेकाठी हे गाव लागतं. तिथल्या शिवारात आमच्या वाट्याला आलेला जमिनीचा तुकडा एक जोडपं बटईनं करतं. फोन बहुधा त्यातल्या बाईचाच असतो. तब्येतपाणी झालं, मुलांच्या परीक्षांची चौकशी झाली, की शेवटी ठरलेला प्रश्न येतो, "वैनी, पराट्या उपटून झाल्या. बांधाला ढीग लावलाय. काडी लावू का?"

आणि मी दर वर्षी, एक डोळा गॅसवरच्या फोडणीकडे ठेवून सांगत असे, "लाव बाई. तुला सोयीचं पडेल तसं कर."

गेल्या खेपेला ती जाता जाता म्हणाली, "लवकर सांगा मंग. वारं सुटायच्या आत पेटवावं लागतं. मागल्या साली धुरानं सासूला रातभर खोकला होता."

त्या रात्री मला काही नीट झोप लागली नाही. आपण 'लाव' म्हणतो ते कुणाच्या छातीत जातं, हा विचार इतकी वर्षं मनाला शिवलाच नव्हता. मैत्रिणींनो, तुमच्यापैकी कितीजणींचं गावाकडे असं एकरभर, दोन एकर शेत असेल! नांगरट कधी, पेरा कोणता हे पुरुषमंडळी ठरवतात. पण पीक निघाल्यावर उरलेल्या काडीकचऱ्याचं काय, हे मात्र असंच फोनवर, फोडणीच्या नादात ठरून जातं.

कुकरमधला भात आणि चिखलातला वायू

चौकशी करू लागले तेव्हा कळलं, की पिकाच्या उरलेल्या काडीचा सर्वांत जास्त विचार भाताच्या बाबतीत झाला आहे. आता तुम्ही म्हणाल, जालना जिल्हा कापूस-मका-सोयाबीनचा. तिथे भाताचं काय? पण भाकरी खाणाऱ्या घरातही कुकर लागतोच ना? तो तांदूळ भंडारा-गोंदियाकडून येतो, कोकणातून येतो, परप्रांतातून येतो.

भाताचं खाचर पाण्यानं भरलेलं असतं. पाण्याखालच्या चिखलात हवा पोचत नाही. तिथे जुना पेंढा, मुळं, धसकटं कुजू लागली, की हवेवाचून जगणारे सूक्ष्म जीव त्यावर काम करतात आणि मिथेन नावाचा वायू तयार होतो. हा वायू आपल्या ओळखीचा आहे बरं का! गोबरगॅसच्या टाकीत शेण आणि पाणी कालवून झाकण घालतो, तेव्हा आत नेमकं हेच घडतं. फरक एवढाच, की टाकीतला मिथेन नळीनं शेगडीत येतो आणि चहा उकळतो. खाचरातला मात्र भाताच्या पोकळ काड्यांवाटे आणि बुडबुड्यांतून थेट आभाळात जातो.

आणि तो तसा बिनजळता आभाळात गेला, की नुकसान करतो. वीस वर्षांचा हिशेब धरला, तर तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडपेक्षा मिथेन सुमारे ८० पट उष्णता धरून ठेवतो. समाधानाची बाब अशी, की तो हवेत साधारण बारा वर्षंच टिकतो. म्हणजे आज हात आवरला, तर त्याचं फळ आपल्या डोळ्यांदेखत दिसेल. नातवंडांपर्यंत थांबायला नको. माणसाच्या उद्योगांमुळे जगात जेवढा मिथेन निघतो, त्यातला सुमारे दहावा हिस्सा भातखाचरांचा आहे.

मग पेंढा जाळावा का? मुळीच नाही. जाळला की त्यातलं जवळजवळ सगळं नत्र धुरात जातं, गंधकही बरंचसं जातं, आणि धूर उरतो तो वेगळाच. मग चिखलात गाडावा? तर तोही लावणीच्या तोंडावर ओला गाडला, की मिथेनला आयतं खाद्य मिळतं. खुबी आहे ती वेळेत. पीक निघाल्यावर जमीन कोरडी असतानाच पेंढा मातीत मिसळला आणि पाणी भरण्याआधी महिनाभर तरी कुजू दिला, तर मिथेन पुष्कळच कमी होतो. पेंढ्याचं कंपोस्ट करून घातलं, तर आणखी कमी. शिवाय खाचरातलं पाणी अधूनमधून आटू दिलं, की मातीत हवा शिरते आणि वायू तयार होणंच मंदावतं.

आपल्याकडच्या दोन वाटा

ह्या गोष्टी परदेशातूनच शिकाव्या लागतात असं नाही. कोकणात डॉ. एन. के. सावंत यांनी भाताची 'चारसूत्री' पद्धत बसवली. तिचं पहिलंच सूत्र आहे पिकाच्या अवशेषांचा फेरवापर: तुसाची काळी राख रोपवाटिकेत आणि पेंढा शेतात पहिल्या नांगरणीच्या वेळी. दुसरं सूत्र गिरिपुष्पाच्या हिरव्या पाल्याचं, तिसरं नेमक्या अंतरावर लावणी करण्याचं आणि चौथं युरिया-डीएपीच्या गोळ्या रोपांमध्ये खोचण्याचं. पेंढा मातीत परत गेला, की त्यातलं पालाश आणि सिलिका पुढच्या पिकाला मिळतं.

दुसरी वाट रायगड जिल्ह्यात नेरळच्या सगुणा बागेतली. चंद्रशेखर भडसावळे यांनी तिथे 'सगुणा भात तंत्र' उभं केलं. यात चिखलणी नाही, लावणीही नाही. एकदा गादीवाफे करायचे आणि त्यांवर भात टोकायचा. कापणीनंतर मुळं जमिनीतच ठेवायची; ती जागच्या जागी कुजतात, माती भुसभुशीत होते, गांडुळं वाढतात. पाणी तुंबवून ठेवायचं नसल्यामुळे मिथेनही कमी. तणनाशक वापरावं लागतं, एवढी त्यात उणी बाजू आहे. पण भर पावसात, गुडघाभर चिखलात दिवसभर कंबरेत वाकून लावणी करणाऱ्या बायांच्या पाठीचा विचार केला, की हे तंत्र मला फार मोलाचं वाटतं.

पुन्हा केदारखेडा

दुसऱ्या दिवशी मी मोठ्या उत्साहानं फोन केला. म्हटलं, "जाळू नकोस. यंत्रानं बारीक करून मातीत मिसळू."

पलीकडे क्षणभर शांतता. मग ती म्हणाली, "सगळ्या पराट्या बारीक केल्या, तर चुलीला काय घालू वैनी?"

बघा, हे मला सुचलंच नव्हतं! माझ्या ओट्यावर सिलिंडर. तिच्याकडेही सिलिंडर आहे, पण तो पाहुण्यारावळ्यांसाठी आणि आजारपणासाठी जपून वापरायचा. रोजची भाकरी पऱ्हाटीवर. शहरातून उपदेश करणं सोपं असतं ते असं.

तिची दुसरी शंकाही रास्त होती. पऱ्हाटीला राहिलेल्या किडक्या बोंडांत शेंदरी बोंडअळी दडून बसते. २०१७ साली या अळीनं राज्यातल्या कापसाची जी दैना केली, ती कुणी विसरलेलं नाही. म्हणून लोक जाळतात. "काडी लावली की कीड मेली," हा त्यांचा हिशेब.

तेव्हा आम्ही दोघींनी बसून, म्हणजे फोनवरच, मधला मार्ग काढला. शेवटची वेचणी झाली, की फरदड घ्यायची नाही. शेतात शेळ्या-मेंढ्या बसवायच्या. उरलेली हिरवी बोंडं त्या खातात आणि लेंडीखतही मिळतं. जाडजूड पऱ्हाटीतून तिच्या चुलीपुरती बाजूला काढायची. पण तिला चिकटलेली किडकी बोंडं आधी वेचून नष्ट करायची आणि पऱ्हाटी पेरणीपर्यंत उरेल इतकी साठवायची नाही. बाकीची यंत्राखाली घालायची. कुट्टी होताना अळीही चिरडते. तो भुगा शेणकाला आणि ट्रायकोडर्मा घालून ओलसर ठेवला, की पुढच्या हंगामाला खत तयार. सोयाबीनचं भुसकट आणि मक्याची धसकटंही त्यातच. ज्वारीचा कडबा गावात कुणी जाळत नाही, कारण त्याची किंमत ठाऊक आहे. बाकीच्या काडीची किंमत कळायची आहे, एवढंच.

राहिला भाड्याचा प्रश्न. आमचे हे म्हणाले, "काडेपेटी दोन रुपयांना मिळते. यंत्राचं भाडं कोण देणार?" मी म्हटलं, "खताच्या गोणीचे पैसे कोण देतं? त्यातलेच काही इकडे वळवा." बटईत खर्च निम्मानिम्मा असतो; पहिल्या वर्षीचं सगळं भाडं आम्ही उचलायचं ठरलं. 'लाव' म्हणणारी मीच होते ना इतकी वर्षं!

घरात करण्यासारखं

ज्यांचं शेत नाही, त्यांनीही हे ध्यानात ठेवावं:

• भाजीची देठं, साली, शिळं अन्न प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून टाकलं, की कचऱ्याच्या डोंगराखाली त्याचंही चिखलातल्या पेंढ्यासारखंच होतं: हवा नाही, म्हणून मिथेन. त्याऐवजी भोकं पाडलेल्या जुन्या बादलीत ओल्या कचऱ्याचा एक थर आणि कोरड्या पाल्याचा एक थर द्यावा.

• आठवड्यातून एकदा खालीवर करावं. वास येऊ लागला, तर पाणी जास्त झालं असं समजावं आणि कोरडा पाला किंवा भुसा वाढवावा.

• गावाकडच्या उकिरड्यालाही हाच नियम. खड्ड्यात पाणी तुंबू देऊ नये.

• गोबरगॅस असेल, तर नळी आणि जोड साबणाच्या पाण्यानं तपासावेत. बुडबुडा दिसला, की गळती समजावी.

• घराजवळ जागा असेल, तर खरकट्यावर चालणारं छोटं संयंत्रही बसवता येतं. पुण्याच्या 'आरती' संस्थेनं, डॉ. आनंद कर्वे यांच्या पुढाकारानं, असं संयंत्र तयार केलं; त्याला २००६ साली अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळाला.

परवा पुन्हा केदारखेड्याहून फोन आला. यंत्र येऊन गेलं होतं. ढिगाच्या जागी आता भुग्याचा थर आहे म्हणाली. मी विचारलं, "सासूबाईंचा खोकला कसा आहे?"

"हाय थोडा चुलीचा," ती म्हणाली. "पण यंदा रातभर नाही बसल्या."

चुलीचं अजून बाकी आहे. तेवढं पुढच्या वर्षी.